पुण्याची गाडी बर्फात नेण्याआधी

निफाडला पारा चार-पाच अंशांवर आला, नाहीतर महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठले, की आपल्याकडे पेपरात फोटो येतो. आपल्या गाड्या या हवेतल्या. त्यांचं सगळं आयुष्य उकाड्यात जातं, आणि गॅरेजवाल्याचं सगळं लक्ष ‘गाडी गरम तर होत नाही ना’ एवढ्यावरच असतं. त्याचं इथे बरोबरच आहे. पण ३ ऑक्टोबर २०२० ला हिमाचलात मनाली आणि लाहौलला जोडणारा ९.०२ किलोमीटरचा अटल बोगदा सुरू झाला आणि चित्र बदललं. रोहतांग खिंड बंद झाली की जे लाहौल खोरं महिनोन्‌महिने तुटलेलं असायचं, तिथे आता ऐन जानेवारीत एमएच पाटीच्या गाड्या दिसतात. शिमला-किन्नौरवरून स्पितीतलं काझा गाठणारेही वाढलेत.

हा लेख अशा लोकांसाठी आहे ज्यांची गाडी साधी आहे, म्हणजे दोनच चाकांना ताकद जाणारी हॅचबॅक, सेडान किंवा छोटी एसयूव्ही, आणि जे पहिल्यांदाच ती बर्फात घालणार आहेत. अशा वेळी बहुतेकांचा पहिला खर्च होतो तो फॉग लाइट, रूफ कॅरिअर आणि साखळ्यांवर. माझं मत उलटं आहे. आधी गाडीत जे जे पातळ आहे ते बघा: कूलंट, डिझेल, ऑइल, काच धुवायचं पाणी, बॅटरीतलं अ‍ॅसिड. बर्फात रुतलेली गाडी चार माणसं ढकलून काढतात. इंजिनाचा ब्लॉक फुटलेली गाडी ट्रकवर घालून खाली आणावी लागते.

थंडी नेमकी किती

मनाली साधारण २,००० मीटरवर आहे. जानेवारीत रात्री पारा शून्याच्या खाली जातो, पण फार नाही. बोगद्यापलीकडचं सिस्सू ३,१०० मीटरच्या आसपास. तिथे उणे दहा-पंधरा सहज. काझा ३,६५० मीटरवर, आणि तिथे उणे वीस किंवा त्याहून खाली जाणं ही बातमी नसते. हिवाळ्यात कुंझुम खिंड बंद असते, त्यामुळे मनालीहून काझाला जाता येत नाही. रामपूर, रेकाँग पिओ, नाको, ताबो असंच जावं लागतं. फक्त मनालीला जाऊन बर्फ बघून यायचं असेल तर पुढची अर्धी तयारी पुरे. काझा डोक्यात असेल तर गाडी उणे पंचवीस धरून तयार करा.

महिनाभर आधी: कूलंट

सगळ्यात जास्त दुर्लक्ष इथे होतं आणि सगळ्यात महागाची चूकही इथलीच. आपल्याकडे कूलंटची टाकी खाली दिसली की पंपावरचं, नळाचं किंवा बाटलीतलं पाणी ओतायची पद्धत आहे. दोन-तीन उन्हाळे असे गेले की आत रंग कूलंटचा आणि माल पाण्याचा अशी अवस्था होते. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगतं. त्याला फुगायला जागा नसली की रेडिएटरची नळी, पाण्याचा पंप किंवा थेट इंजिनाचा ब्लॉक तडकतो.

कूलंट म्हणजे मुख्यतः इथिलीन ग्लायकॉल. पाण्यात त्याचं प्रमाण निम्मं असेल तर मिश्रण सुमारे उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही. एक तृतीयांश असेल तर उणे १७-१८. आणि आपल्याकडच्या कितीतरी डब्यांवर ‘एक भाग कूलंट, तीन भाग पाणी’ असं छापलेलं असतं, ते फक्त उणे बाराच्या आसपास पोचतं. पुण्यासाठी ठीक आहे, काझासाठी नाही. म्हणून डबा घेताना मागची बारीक अक्षरं वाचा: तयार मिश्रण आहे की घट्ट कूलंट, आणि कुठल्या अंशापर्यंत चालतं. ‘मग नुसतं घट्टच ओततो’ हाही उपाय नाही. शुद्ध ग्लायकॉल उणे १३ लाच गोठतं. पाणी आणि ग्लायकॉल एकत्र आल्यावरच गोठणबिंदू खाली जातो.

आता काम कसं करून घ्यायचं. पहिल्यांदा आहे ते तपासा. कूलंट टेस्टर म्हणजे एक पिचकारी असते, आत काटा किंवा रंगीत गोळ्या. थोडं कूलंट ओढलं की किती अंशांपर्यंत चालेल ते दिसतं. दोन-चारशे रुपयांत मिळतो, मोठ्या गॅरेजमध्ये असतोच. आकडा उणे ३० पर्यंत पोचत नसेल तर सगळं काढून नवीन भरा. मेकॅनिक रेडिएटर रिकामा करून डिस्टिल्ड वॉटर फिरवेल, तेही काढेल, आणि मग निम्मं-निम्मं मिश्रण ओतेल. इथे गोची अशी की ब्लॉकच्या आत लिटर-दोन लिटर पाणी राहतंच, त्यामुळे प्रत्यक्षात कूलंट पातळ होतं. त्याला सांगा, मॅन्युअलमध्ये एकूण क्षमता बघ, त्याच्या निम्मं घट्ट कूलंट आधी जाऊ दे, मग उरलेल्या जागेत पाणी. काम झाल्यावर गाडी पाच-पन्नास किलोमीटर चालवून, थंड झाल्यावर पुन्हा टेस्टर लावा. रंग बघून एकमेकांत मिसळू नका. हिरवा, लाल, निळा हे कंपनीचे रंग आहेत, प्रतीचे नाहीत. मॅन्युअलमध्ये जे लिहिलंय तेच घ्या.

थर्मोस्टॅट आणि हीटर आहेत ना?

प्रश्न विचित्र वाटेल, पण विचारा. गाडी घाटात गरम झाली की आपल्याकडचे काही मेकॅनिक थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) काढूनच टाकतात. ‘काही लागत नाही साहेब त्याचं,’ असं म्हणून. गरम हवेत तसं चालून जातं. थंडीत मात्र इंजिन कधीच नीट तापत नाही, डिझेल जास्त पितं आणि हीटरमधून कोमट वारा येतो. तसंच हीटरचं. आत गळती झाली की ती दुरुस्त करायला अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो, म्हणून दोन पाइप एकमेकांना जोडून हीटरला वगळून टाकलेलं असतं. पुण्यात हीटर लावतोय कोण, त्यामुळे मालकाला पत्ताच नसतो. जुनी गाडी घेतली असेल तर हा संशय जरूर धरा.

तपासणी घरच्या घरी होते. सकाळी थंड गाडी सुरू करून निघा. आठ-दहा मिनिटांत तापमानाचा काटा मधोमध येऊन स्थिर व्हायला हवा, आणि हीटर पूर्ण लाल बाजूला फिरवला की हाताला चटका बसेल इतकी गरम हवा यायला हवी. काटा तळातच रेंगाळत असेल तर थर्मोस्टॅट बघा. काटा वर आणि हवा गार, तर हीटर बघा.

बॅटरी आणि ऑइल

बॅटरीला मारतो उन्हाळा, पण मेल्याचं कळतं थंडीत. बोनेटखालच्या उकाड्याने तिची ताकद हळूहळू गेलेली असते. पुण्यात इंजिन पटकन फिरतं म्हणून ते लक्षात येत नाही. उणे १८ ला चांगल्या बॅटरीचीही ताकद जेमतेम निम्मी उरते, आणि नेमकं तेव्हाच घट्ट झालेल्या ऑइलमुळे इंजिन फिरवायला जास्त जोर लागतो. त्यामुळे बॅटरी तीन वर्षांची झाली असेल तर मी तरी नवीनच टाकेन. नसेल तर बॅटरीवाल्याकडे लोड टेस्ट करून घ्या. रात्रभर उभ्या गाडीत व्होल्टेज १२.६ च्या आसपास हवं, १२.२ म्हणजे निम्मी रिकामी. पूर्ण चार्ज बॅटरी तिथल्या थंडीत गोठत नाही, पण उतरलेली बॅटरी उणे सात-आठलाही गोठू शकते. अशी गोठलेली, पोट फुगलेली बॅटरी दुसऱ्या गाडीला जोडून सुरू करायचा प्रयत्न करू नका, फुटते. टर्मिनलवरची पांढरी बुरशी कोमट पाणी आणि खायच्या सोड्याने धुऊन घ्या.

ऑइलच्या डब्यावर दोन आकडे असतात. थंडीपुरता पहिला आकडा महत्त्वाचा, ‘डब्ल्यू’च्या आधीचा. २०डब्ल्यू ऑइलची थंडीतली चाचणी उणे १५ ला होते, १५डब्ल्यूची उणे २० ला, ५डब्ल्यूची उणे ३० ला. जुन्या डिझेल गाड्यांत १५डब्ल्यू-४० असतं, ते मनालीपर्यंत चालेल. काझासाठी, मॅन्युअल परवानगी देत असेल तर, ५डब्ल्यूवर या. नव्या पेट्रोल गाड्यांत बहुधा पातळ ऑइल आधीच असतं, तिथे काहीच करायचं नाही.

डिझेलवाल्यांसाठी खास

पेट्रोलवाल्यांनी हा भाग सोडला तरी चालेल. पेट्रोल या थंडीत गोठत नाही. डिझेलमध्ये मेण असतं. पारा खाली गेला की आधी डिझेल गढूळ दिसतं, मग मेणाचे कण फिल्टरमध्ये अडकतात, मग फिल्टर बंद आणि गाडीही. टाकीत डिझेल असतं, बॅटरी चांगली असते, सेल्फ मारला की इंजिन फिरतं, पण पेटत नाही. किंवा आणखी वाईट म्हणजे सुरू होतं, दोन किलोमीटर जातं आणि चढावर मरतं.

पुण्यात भरलेलं डिझेल गुजरात-राजस्थानातच संपतं, त्याची चिंता नको. चिंता शेवटच्या टाकीची. चंदीगडला किंवा बिलासपूरला फुल केलेली टाकी घेऊन काझाला पोचू नका. खाली गरजेपुरतं भरा आणि वर, जिथे थंडी आहे तिथल्या पंपावर टाकी भरा. इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ मध्ये लडाखसाठी विंटर ग्रेड डिझेल आणलं, ते उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहतं. काझा, केलाँगकडच्या पंपांवर ‘विंटर ग्रेड आहे का’ असं स्पष्ट विचारा. किन्नौरमार्गे जाताना रेकाँग पिओच्या खाली पोवारीला टाकी फुल करून घ्या, आणि काझापर्यंत मधे काही मिळेल असं धरून चालू नका. लाहौलात टांडीचा पंप. पोवारीचं डिझेल साधं असेल तर त्यात मेण न धरू देणारं अ‍ॅडिटिव्ह घालायचं. पण ते डिझेल पातळ असतानाच घालावं लागतं, गोठल्यावर ओतून काही होत नाही. म्हणून बाटली पुण्यातूनच घेऊन निघा.

ट्रकवाले पूर्वी डिझेलमध्ये रॉकेल मिसळायचे, टाकीखाली शेकोटी पेटवायचे. जुन्या इंजिनांना रॉकेल सोसायचं. आजच्या बीएस-६ गाडीच्या पंपाला आणि इंजेक्टरला ते वंगण पुरत नाही. लाखभराचं काम निघतं. शेकोटीबद्दल बोलायलाच नको.

निघण्याआधी डिझेल फिल्टर बदला आणि त्याच्या तळाशी साठलेलं पाणी काढून टाका, नाहीतर मेणाच्या आधी तेच गोठतं. ग्लो प्लग, म्हणजे थंड डिझेल इंजिन पेटावं म्हणून ते आतून तापवणारे प्लग, तपासून घ्या. पुण्यात चारपैकी दोन जळलेले असले तरी गाडी सुरू होते, तिथे होणार नाही. गाडीत अ‍ॅडब्लू (धूर स्वच्छ करणारं द्रव) भरावं लागत असेल तर ते उणे ११ ला गोठतं हे माहीत असू द्या. टाकीला स्वतःचा हीटर असतो, गाडी सुरू झाल्यावर ते वितळतं, त्यामुळे घाबरायचं कारण नाही. फक्त टाकी काठोकाठ भरू नका आणि सुटा डबा डिकीत ठेवू नका.

सीएनजीची गाडी असेल तर वर पेट्रोलवरच चालणार हे धरून हिशेब करा. इलेक्ट्रिक गाडी पहिल्याच वर्षी, पहिल्याच हिवाळ्यात काझाला नेऊ नका, एवढंच म्हणेन.

टायर

हिवाळी टायर वेगळे असतात. त्यांच्या कडेवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण असं चिन्ह असतं, आणि त्यांचं रबर थंडीतही मऊ राहतं. आपल्या नेहमीच्या टायरचं रबर सात अंशांखाली कडक व्हायला लागतं. भारतात आपल्या मापाचे हिवाळी टायर मिळवणं कठीण आहे, आणि आठवडाभराच्या सहलीसाठी परवडणारही नाही. तेव्हा आहेत ते टायर तरी चांगले हवेत. कायद्याने टायरची खाच १.६ मिलिमीटर खोल असली तरी चालते. बर्फात चारच्या खाली असेल तर जाऊ नका. टायरचं वय कडेवरच्या चार आकड्यांत असतं. ३५२१ म्हणजे २०२१ च्या ३५ व्या आठवड्यातला. पाच-सहा वर्षांचा टायर दिसायला नवा असला तरी रबर लाकूड झालेलं असतं.

हवेबद्दल दोन टोकाचे सल्ले मिळतात. एक म्हणतो, वर हवा कमी करायची, उंचीवर टायर फुगतो. दुसरा म्हणतो, थंडीत हवा बसते, जास्त भरायची. दोघांचंही अर्धं बरोबर आहे. पुण्यात ३० अंशांत ३३ पीएसआय भरलेला टायर काझाला उणे १५ अंशांत नुसत्या थंडीने सुमारे सात पीएसआय गमावतो. पण तिथली हवा विरळ असल्यामुळे मीटरवर साडेचार-एक पीएसआय परत मिळतात. हिशेबाने तो ३०-३१ वर दिसायला हवा. म्हणजे हवा काढायची नाही आणि पुण्यातून फुगवूनही न्यायची नाही. चार-पाचशे रुपयांचा खिशात मावणारा मीटर घ्या, सकाळी गाडी हलायच्या आधी बघा आणि दाराच्या चौकटीवर छापलेला आकडा ठेवा. हाच मीटर रोज सकाळी हळू गळणारं पंक्चरही सांगतो.

साखळ्या, आणि त्या लावायचा सराव

ताज्या बर्फानंतर सोलंगच्या पुढे पोलिस थांबवतात: फोर बाय फोर किंवा साखळी लावलेली गाडी असेल तरच वर. मनालीत साखळ्या भाड्याने मिळतात, पण गर्दीच्या दिवशी तुमच्या मापाची मिळेलच असं नाही, आणि सैल साखळी ब्रेकचा पाइप तोडते. आपल्या मापाची विकत घ्या. माप टायरच्या कडेवर असतं, उदाहरणार्थ १९५/५५ आर१६. त्याआधी मॅन्युअल बघा. काही गाड्यांत टायर आणि सस्पेन्शन यांच्यात साखळीला जागाच नसते. प्लॅस्टिकचे पट्टे स्वस्त असतात, रुतलेली गाडी बाहेर काढण्यापुरते ठीक आहेत, घाट चढायला नाहीत.

साखळी लागते ती ताकद जाणाऱ्या चाकांना. आपल्या बहुतेक छोट्या गाड्यांत ती पुढची दोन.

घरी सराव करा, सोसायटीच्या पार्किंगमध्ये, आणि हातमोजे घालून करा. शेजारी विचारतील, विचारू देत. साखळी पिशवीतून काढून जमिनीवर पसरा, पीळ सोडवा. ज्या बाजूला कड्यांची टोकं बोथट ती टायरकडे. मागची लवचीक कडी टायरच्या मागून आत सरकवा. यासाठी चाक पूर्ण एका बाजूला वळवून ठेवलं तर हाताला जागा मिळते. दोन्ही टोकं टायरच्या वर ओढून मागच्या बाजूला अडकवा. मग तो सगळा घेर हाताने टायरवर आत-बाहेर ढकलत सारखा करा. मग बाहेरचा हूक अडकवा, आणि शेवटी ताण देणारी रंगीत साखळी ओढून तिचं टोक अडकवा. पहिल्या खेपेला एका चाकाला वीस मिनिटं लागतात, काळजी करू नका. रस्त्यावर मात्र हे संपलं असं समजायचं नाही: साखळी लावून पन्नास-एक मीटर हळू जा, उतरा, ती हमखास सैल झालेली असते, पुन्हा ओढा. त्यानंतर वेग ताशी ३० च्या आत. डांबर दिसलं की काढा. कोरड्या डांबरावर साखळी तुटते आणि टायरही खाते.

साखळी लावायला थांबायचं ते चढ सुरू व्हायच्या आधी, सपाटीवर. चाकं घसरायला लागल्यावर मधेच थांबून लावू म्हणणारे मागची अख्खी रांग अडवतात, आणि स्वतः मात्र बर्फात गुडघे टेकून हात सुन्न करून घेतात.

काच, दारं, हँडब्रेक

काच धुवायच्या टाकीतलं साधं पाणी अंबाल्याच्या पुढे संपवून टाका. त्यात न गोठणारं द्रव भरा, किंवा सरळ रिकामी ठेवा आणि गाडीत एक बाटली बाळगा. गोठलेलं पाणी टाकी आणि मोटार दोन्ही फोडतं. वायपरचं रबर नवीन हवं. रात्री वायपर उचलून ठेवा. काचेवर बर्फ जमला तर प्लॅस्टिकच्या खरवडणीने काढा, आणि कितीही घाई असली तरी गरम पाणी ओतू नका, काच तडकते.

आतून वाफ धरणं ही वेगळी भानगड. आपल्याला एसी लावताना बाहेरची हवा बंद ठेवायची सवय असते. थंडीत चार माणसांच्या श्वासाने काच धूसर होते ती याच सवयीमुळे. बाहेरची हवा चालू करा, हीटर गरम ठेवा, आणि सोबत एसीचं बटणही दाबा. एसी हवेतला ओलावा काढतो, हीटर ती तापवतो. काच मिनिटाभरात स्वच्छ.

दारांच्या रबराला सिलिकॉन स्प्रे मारून पुसून घ्या, म्हणजे सकाळी दार चिकटणार नाही. रात्री गाडी लावताना हँडब्रेक ओढू नका. दिवसा चिखल-पाण्यातून आलेलं असेल तर केबल किंवा ब्रेक रात्रीत धरून बसतो. पहिला गिअर टाका, चाकाखाली दगड ठेवा. ऑटोमॅटिकमध्ये ‘पी’ आणि दगड. ब्रेक आपोआप लागणारी गाडी असेल तर ते कसं बंद करायचं ते मॅन्युअलमध्ये आधीच शोधून ठेवा.

डिकीत काय

फावडं, लहान चालेल. दोन जुनी गोणपाटं, रुतलेल्या चाकाखाली घालायला; महागड्या पट्ट्यांइतकाच उपयोग होतो. ओढायचा पट्टा, आणि गाडीला पुढे स्क्रू करून लावायचा हूक. तो स्टेपनीच्या खाली कुठेतरी असतो आणि बहुतेकांनी कधी पाहिलेलाही नसतो, तो शोधा. जाड तारेच्या जम्पर केबल. टॉर्च, ब्लँकेट, दिवसभर पुरेल एवढं खाणं. चकली-लाडू थंडीत उत्तम टिकतात. पाणी आत, माणसांपाशी ठेवा. रोडसाइड असिस्टन्सचा नंबर असू द्या, पण वर त्याच्या भरवशावर राहू नका.

वर पोचल्यावर: रात्र आणि सकाळ

गाडी अशी लावा की सकाळचं ऊन बोनेटवर येईल आणि तोंड उताराकडे असेल. हॉटेलवाल्याला विचारा, त्याला जागा माहीत असते. कडाक्याची थंडी असेल तर तिथले लोक बॅटरी काढून खोलीत नेतात. १० नंबरचा पाना लागतो, बहुधा पाच मिनिटांचं काम. आधी निगेटिव्ह काढायची, लावताना ती शेवटी.

सकाळी घाई करू नका. उणे वीसला सात वाजता सेल्फ मारत बसण्यापेक्षा दहा वाजता उन्हात गाडी सुरू करणं कधीही शहाणपणाचं. दिवे, हीटर, पंखा, मोबाइलचा चार्जर सगळं बंद. क्लच दाबा. डिझेल असेल तर चावी ऑन करून ग्लो प्लगचा दिवा विझेपर्यंत थांबा, चावी बंद, पुन्हा ऑन, पुन्हा थांबा, मग सेल्फ. दहा सेकंदांपेक्षा जास्त एका वेळी नाही, आणि मधे मिनिटभर विश्रांती. सुरू झाली की रेस देऊ नका. दोन-तीन मिनिटांनी हळूहळू निघा. उभ्या गाडीत अर्धा तास इंजिन तापवून फायदा नाही, पहिले पाच किलोमीटर सावकाश चालवली की ते जास्त नीट तापतं.

इंजिन चालू ठेवून, काचा लावून गाडीत झोपणं मात्र कधीही नाही. सायलेन्सर बर्फात दबला की कार्बन मोनॉक्साइड आत येतो. त्याला वास नसतो. कोळशाची शेगडी गाडीत घेणंही तितकंच जिवावरचं. रस्त्यात अडकलात तर सायलेन्सरभोवतीचा बर्फ काढा, काच बोटभर उघडी ठेवा आणि इंजिन थोडा थोडा वेळच चालवा.

रस्त्यावर

पांढऱ्या बर्फापेक्षा काळ्या रस्त्याला भ्या. दिवसा उन्हाने बर्फ वितळतो, नाल्यांचं पाणी रस्त्यावरून वाहतं, आणि चारनंतर सावलीत त्याची काच होते. ती ओल्या डांबरासारखीच दिसते. वळणाची सावलीकडची बाजू, पुलांवरचा भाग आणि नाल्यांची तोंडं या तीन ठिकाणी पाय आधीच हलका करा. दिवसाचा प्रवास साडेनऊ-दहाला सुरू करून तीन-चारच्या आत संपवा. म्हणजे पुण्याच्या हिशेबाने तीन तासांचं अंतर तिथे एका दिवसाचं.

उतारावर दुसरा गिअर, ब्रेक अगदी हळू, आणि गिअर खाली आणायचा तो उतार लागायच्या आधी. बर्फावरून निघताना पहिल्याऐवजी दुसऱ्या गिअरमध्ये, क्लच हळू सोडत. ब्रेक मारल्यावर पायाखाली खडखड झाली तर एबीएस (ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) काम करतंय, पाय काढू नका. गाडी सरकली तर जिकडे जायचंय तिकडे बघा आणि तिकडेच स्टिअरिंग. ब्रेक नाही, क्लच दाबा. चाकं जागेवर फिरत असतील तर रेस वाढवून फायदा नाही, खालचा बर्फ पॉलिश होतो. गोणपाट घाला, लागल्यास ट्रॅक्शन कंट्रोल (चाकं घसरू लागली की ताकद कमी करणारी यंत्रणा) तेवढ्यापुरतं बंद करा, आणि बाहेर पडलं की पुन्हा चालू.

बर्फ पडत असताना मात्र मनालीतच गाडी ठेवा आणि स्थानिक फोर बाय फोर टॅक्सी करा. काम होतं आणि चालवणारा तो रस्ता रोज बघत असतो. सीमा सडक संघटनेने रस्ता साफ करून सोडेपर्यंत नाक्यावर वाद घालण्यातही अर्थ नाही. सुट्टीत एक-दोन दिवस राखीव धरूनच निघा.

परत आल्यावर पहिलं काम म्हणजे गाडी खालून धुऊन घेणं. चिखल आणि रस्त्यावर टाकलेली माती चाकांच्या कमानीत, ब्रेकपाशी अडकून राहते. साखळ्या धुऊन, वाळवून, तेलाचा हात फिरवून ठेवा, नाहीतर पुढच्या वेळी पिशवीत गंजाचा गोळा सापडेल. नवीन कूलंट आणि ५डब्ल्यू ऑइल तसंच राहू द्या, दोन्ही पुण्याच्या उन्हाळ्यातही चालतात. फक्त टायरची हवा घरी पोचल्यावर पुन्हा तपासा: वर भरलेली असेल तर इथल्या उन्हात ती जास्त निघू शकते.